एकाच भट्टीचें पाणी

"नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा" ही म्हण आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. नांव मोठें असावें आणि पदरीं प्रत्यक्षांत कांहींच नसावें, ह्या विसंगतीची ती थट्टा आहे. परंतु ह्याच्या अगदीं उलट प्रकारही जगांत आढळतो. हातीं वाळा सोन्याचा आहे, पण नांव मात्र कोणी दगडूबाई ठेविलें आहे, असा तो प्रकार होय. सुताराच्या पेटींतील कांहीं जुनीं हत्यारें ह्या दुसऱ्या वर्गांत मोडतात. जगप्रसिद्ध कारखान्यांत तीं तयार झालीं. पण त्या कारखान्यांनीं आपलें मानाचें नांव त्यांवर घातलें नाहीं. गरीब गिऱ्हाइकाला कमी किंमतींत विकावयाचीं म्हणून त्यांना दुसरेंच एखादें साधें नांव दिलें. अशा हत्यारांविषयीं चार शब्द आज आपल्यापुढें ठेवावे, असा माझा विचार आहे.

मी पेशानें शिक्षक. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि सारी नोकरी आजच्या नंदुरबार जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत केली. सुतारकी हा माझा धंदा नव्हे. परंतु कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून लांकूडकाम करून घ्यावें लागे. त्या निमित्तानें हत्यारांशीं संबंध आला, आणि तो निवृत्तीनंतरही सुटला नाहीं. तेव्हां मी जें सांगणार आहें, तें कारागिराचें शास्त्र नसून एका शिक्षकानें डोळे उघडे ठेवून जमविलेली माहिती आहे, इतकें आपण ध्यानांत ठेवावें.

विषय नीट समजावा म्हणून प्रथम आपण गांवच्या लोहाराच्या भात्याजवळ जाऊं. रनाळ्यासारख्या खेड्यांत बलुतेदारी नांदत होती, तेव्हां सुतार आणि लोहार हे शेतकऱ्याचे दोन हात समजले जात. सुतारानें वखर, पाभर आणि गाडीचें चाक घडवावें. लोहारानें पास, फाळ, विळा आणि कुऱ्हाड घडवावी. आणि सुगीच्या वेळीं दोघांनींही खळ्यावरून आपलें धान्य न्यावें, असा तो व्यवहार होता. सधन पाटलासाठीं विळा करावयाचा असला, तर लोहार त्याला पितळी कडें बसवी, मूठ शिसवीची घाली, आणि पातें घासून घासून आरशासारखें करी. सालदारासाठीं विळा करावयाचा असला, तर मूठ बाभळीची, आणि पातें भट्टींतून निघालें तसेंच काळें. पण तापून लाल झालेलें पातें पाण्यांत बुडविण्याचा क्षण आला, कीं पाटील आणि सालदार हा भेद तेथेंच संपे. पाणी दोघांच्याही विळ्याला एकच. लोहाराला पाणी देण्याची एकच रीत ठाऊक होती, आणि ती बरोबर होती. वाईट पाणी द्यावयाचें म्हटलें, तरी त्याला तितकाच कोळसा आणि तितकाच वेळ लागला असता. शिवाय सालदाराचा विळा दुसऱ्याच दिवशीं बोथटला असता, तर त्यानें ती गोष्ट गांवभर केली असती.

आतां हाच व्यवहार समुद्रापलीकडच्या मोठ्या कारखान्यांत कसा चालला, तें पाहूं.

अमेरिकेंत कनेक्टिकट संस्थानांत न्यू ब्रिटन नांवाचें शहर आहे. तेथील स्टॅन्ले कंपनीनें १८६९ सालीं लेनर्ड बेली नांवाच्या कल्पक कारागिराचे लोखंडी रंध्याचे हक्क विकत घेतले. आज जगांत कोठेंही लोखंडी रंधा दिसला, तर त्याची मूळ मांडणी बहुधा ह्या बेलीच्याच डोक्यांतली असते. पात्यामागचें चाक फिरविलें, कीं पातें केसाएवढें पुढें किंवा मागें सरकतें. पुढें त्यांत एका खटक्याची भर पडली. तो डावीउजवीकडे हलविला, कीं तिरकें बसलेलें पातें सरळ होतें. लांकडी रंध्यांत हें सारें हातोडीच्या ठोक्यांनीं आणि अंदाजानें करावें लागे. लोखंडी रंध्यांनीं स्टॅन्लेचें नांव झालें, आणि नांवाबरोबर किंमतही चढली.

पण महाग रंधा घेण्याची ऐपत सर्वांना नसते. १९२९ सालीं अमेरिकेंत मंदी आली, तेव्हां तर चांगल्या चांगल्या कारागिरांचे खिसे रिकामे झाले. कारखानदारापुढें पेंच पडला. स्वस्त माल केला नाहीं, तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातें. आणि आपल्याच नांवानें स्वस्त माल केला, तर महाग मालाची प्रतिष्ठा जाते. ह्यांतून तोड निघाली ती दुसऱ्या नांवाची. १९३० नंतरच्या दशकांत स्टॅन्लेनें 'व्हिक्टर' आणि 'डिफायन्स' हीं नांवें घालून कमी किंमतीचे रंधे बाजारांत आणले. हीं दोन्ही नांवें मूळचीं प्रतिस्पर्धी कारखान्यांचीं. एकोणिसाव्या शतकांतच स्टॅन्लेनें तीं गिळलेलीं होतीं. अडगळींत पडलेलीं जुनीं भांडीं अडचणीच्या वेळीं घांसूनपुसून काढावीं, त्याप्रमाणें तीं नांवें पुन्हां बाहेर काढलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्या घरीं सुतारकाम करणाऱ्या हौशी माणसांसाठीं त्याच कंपनीची 'हँडीमन' नांवाची मालिका निघाली. इंग्लंडांत शेफील्ड शहरीं स्टॅन्लेनें चॅपमन नांवाचा कारखाना घेतला होता. त्याचें 'एकॉर्न' हें चिन्ह असेंच स्वस्त मालासाठीं वापरलें गेलें. एकॉर्न म्हणजे ओक वृक्षाचें फळ. मिलर्स फॉल्स नांवाच्या दुसऱ्या अमेरिकन कंपनीनेंही 'मोहॉक-शेलबर्न' ह्या नांवाखालीं असाच माल काढला.

आतां मुख्य प्रश्न येतो. किंमत कमी केली ती कोठून?

एक महाग आणि एक स्वस्त असे दोन रंधे शेजारीं शेजारीं ठेवले, म्हणजे उत्तर डोळ्यांना दिसतें. महाग रंध्याची मूठ शिसवाच्या जातीच्या, दुरून आणलेल्या लांकडाची. स्वस्त रंध्याची मूठ साध्या लांकडाची, वरून तांबडा किंवा काळा रंग दिलेली. महाग रंध्यांत पातें ज्या बैठकीवर टेकतें, ती बैठक यंत्रावर घासून सपाट केलेली. स्वस्त रंध्यांत ती बैठक अगदीं साधी, कोठें ओतीव स्थितींतच ठेवलेली. चाकाला पितळ वापरण्याऐवजीं कांहींत लोखंड वापरलेलें. कांहींत तिरकें पातें सरळ करण्याचा खटकाच नाहीं. तेथें सुतारानें पात्याच्या कडेला हातोडीनें हलकेच ठोकून काम भागवावें. वरची झिलई नाहीं, पेटी नाहीं, नक्षी नाहीं. पण बीड ओतण्याची विद्या त्याच घरची. आणि पात्याचें पोलाद? असलीं जीं पातीं मीं स्वतः दगडावर घासलीं, त्यांपैकीं बहुतेकांनीं बाभळीसारख्या चिवट लांकडांतही धार टिकवून धरली. मोठ्या कारखान्यांत पोलाद घेण्याची, तापविण्याची आणि पाणी देण्याची घडी एकदां बसलेली असते. स्वस्त मालासाठीं म्हणून वाईट पाणी देण्याची दुसरी भट्टी घालावयाची, तर ती बचत नसून नवा खर्चच होतो. आमच्या लोहाराचा हिशेब आणि न्यू ब्रिटनच्या कारखानदाराचा हिशेब येथें एकच ठरतो.

करवतींची कथाही अशीच आहे. हेन्री डिस्टन हा जन्मानें इंग्रज. त्यानें १८४० सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत करवतींचा कारखाना घातला, आणि पुढें १८५५ सालीं स्वतःची पोलादाची भट्टी पेटविली. त्याच्या अव्वल करवतीची मूठ सफरचंदाच्या लांकडाची असे. दुय्यम करवतीची बीच नांवाच्या साध्या लांकडाची. अव्वल करवतीचें पातें दांत्यांकडे जाड आणि पाठीकडे पातळ असें घासलेलें असे, त्यामुळें तें चिरेंत अडकत नसे. दुय्यम करवतींत हें घासकाम आणि वरची झिलई कमी. 'कीस्टोन' आणि 'जॅक्सन' हीं ह्याच कारखान्याच्या दुय्यम मालाचीं नांवें होत. ह्याखेरीज कांहीं अमेरिकन करवतींच्या मुठीवर एक पितळी बिल्ला असतो. त्यावर 'वॉरंटेड सुपिरिअर' एवढीं अक्षरें, आणि कारखान्याचें नांव मुळींच नाहीं. डिस्टनसह अनेक कारखाने व्यापाऱ्यांच्या मागणीवरून असे बिल्ले लावून माल देत. त्यामुळें असा बिल्ला दिसला, कीं समजावें, हिचे आईबाप कोण हें चेहऱ्यावरूनच ओळखावें लागेल.

असलीं हत्यारें आपल्या खानदेशांत कशीं आलीं, असें आपण विचाराल. मुंबईचा नागदेवी रस्ता हा हत्यारांचा जुना बाजार. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास आमच्या भागांतून गेला, आणि मुंबई-सुरतेचा माल नंदुरबार, दोंडाईच्याच्या पेठांत उतरूं लागला. त्यांत आणखी एक वाट होती ती शाळेची. १९३७ सालीं वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, आणि हस्तव्यवसायाभोवतीं सारें शिक्षण गुंफावें अशी योजना पुढें आली. त्या मूलोद्योगाच्या शाळांतून सूतकताईप्रमाणें सुतारकामही शिकविलें जाऊं लागलें. मुलांच्या हातांत द्यावयाचीं हत्यारें, आणि तींही तुटपुंज्या अनुदानांतून. तेव्हां अव्वल मालाचा प्रश्नच नव्हता. अशाच एका जुन्या शाळेच्या पेटींत 'एकॉर्न' छापाचा रंधा मीं प्रथम पाहिला. तीन पिढ्यांच्या मुलांनीं तो हाताळला होता. मुठीचा रंग उडून खालचें लांकूड गुळगुळीत झालें होतें. पण पातें घासून लावलें, तर सागाच्या फळीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघे.

ही झाली पूर्वपीठिका. आतां मला जें विशेष सांगावयाचें आहे, तें सांगतों.

आमच्या भागांतील जुने सुतार एकेक करून काळाच्या पडद्याआड जात आहेत. बैलगाडीचीं लांकडी चाकें गेलीं, त्यांच्या जागीं रबरी टायर आले. लांकडी पाभरी गेल्या, लोखंडी आल्या. मुलगे सुरतेस किंवा पुण्यास नोकरीला लागले. म्हातारा सुतार वारला, कीं त्याची पेटी ओसरीच्या कोपऱ्यांत चार-दोन पावसाळे गंजत पडते, आणि मग एके दिवशीं दारावरून भंगारवाला जातो. चार वर्षांपूर्वीं असाच एक प्रसंग मीं पाहिला. तराजू लागला होता आणि गोणपाटांतून हत्यारें पारड्यांत पडत होतीं. रंधे, करवत, पटाश्या, गिरमिट, गुण्या, सारें एका भावानें, किलोवर. मीं घरच्या बाईंना विनंति केली, आणि भंगारापेक्षां कांहीं अधिक रक्कम देऊन तें गोणपाट आपल्याकडे घेतलें. पैसे मोजून घेण्यापूर्वीं त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्या तेसना हातना हत्यार शेतस. कोनी वापरी ते बरं वाटी." अहिराणी ज्यांना समजत नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों: हीं त्यांच्या हातचीं हत्यारें आहेत, कोणी वापरलीं तर बरें वाटेल.

गांवांतच सुतारकामाचें प्रशिक्षण घेतलेला एक तरुण होता. त्यानें उधारीवर नवा रंधा घेतला होता. रंग झगझगीत, छाप मोठा. पण दाराच्या चौकटीचें एक उभें लांकूड होईपर्यंत पात्याची धार दोनदां जाई, आणि घासून घासून त्याचा अर्धा दिवस फुकट जाई. मजुरी कामावर मिळते, धार लावण्यावर मिळत नाहीं. धंदा सोडून बाहेरगांवीं मजुरीस जाण्याचा त्याचा विचार चालला होता. गोणपाटांत एक 'एकॉर्न' रंधा निघाला. आम्ही दोघांनीं मिळून तो उघडला, घासलेटांत भिजवून गंज काढला, पातें दगडावर घासलें. पहिला छिलका निघाला, तेव्हां त्या मुलानें तो बोटांत धरून उजेडाकडे केला आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. एका रंध्यानें कोणाचें नशीब पालटतें, असें मी म्हणत नाहीं. पण तो अद्याप गांवांत आहे, दारें-खिडक्या करतो, आणि तीं बिनबोभाट लागतात. त्या बाईंच्या घराचें मोडकें दारही त्यानेंच त्याच रंध्यानें नीट करून दिलें.

मात्र जुनें तें सारें चांगलें, किंवा साध्या नांवाचें तें सारें अस्सल, असा गैरसमज कोणी करून घेऊं नये. स्वस्त मालांत कित्येकदां खरोखरच उणीव असे. म्हणून हत्यार निवडतांना नांवावर न विसंबतां त्याची परीक्षा घ्यावी. मी चार कसोट्या सांगतों. त्यांना खर्च लागत नाहीं.

पहिली कसोटी बिडाची. रंधा उलटा करून ज्या फटींतून पातें डोकावतें, ती जागा नीट पाहावी. तेथें केसासारखी चीर असेल, तर रंधा कितीही मोठ्या नांवाचा असो, तो सोडून द्यावा. कारण बीड वाकत नाहीं, तुटतें, आणि चीर वाढतच जाते. चीर नसेल, तर तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहावें. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली, तर घाबरण्याचें कारण नाहीं. जाड सपाट काचेवर काचकागद पसरून त्यावर तळ घासला, कीं ती जाते.

दुसरी कसोटी पोलादाची. पात्याच्या धारेच्या अगदीं कोपऱ्यावर चांगली कानस हलकेच ओढून पाहावी. कानस सहज खाऊं लागली, तर पोलाद मऊ आहे असें समजावें. ती कष्टानें, थोडी थोडी खात असेल, तर पाणी योग्य आहे. जुन्या पात्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. कोणी चाकाच्या सहाणेवर धार लावतांना तें जाळलें असेल, तर धारेजवळ निळी झांक दिसते. तेवढा भाग घासून टाकावा. मागचें पोलाद बहुधा शाबूत असतें.

तिसरी कसोटी करवतीची. पातें धनुष्यासारखें वाकवावें आणि सोडून द्यावें. तें आपोआप सरळ झालें, तर पाणी चांगलें. वांकडेंच राहिलें, तर ती करवत घेऊं नये. मग दांत्यांकडची आणि पाठीकडची जाडी चिमटींत चाचपून पाहावी. पाठ पातळ लागली, तर मुठीवर कोणताही बिल्ला असला तरी पात्यावर कोणी तरी मेहनत घेतली आहे, हें निश्चित.

चौथी कसोटी पटाशीची. पटाशीची सपाट बाजू हीच खरी महत्त्वाची. तेथें धारेजवळ गंजानें खोल खड्डे पडले असतील, तर अखंड धार येणें कठीण. कारण धार म्हणजे दोन गुळगुळीत बाजू जेथें मिळतात ती रेघ, आणि एका बाजूला खड्डा असला कीं रेघ तुटते. मूठ फुटलेली असली, तर मात्र त्याची क्षिति बाळगूं नये. मूठ करणें हें तर सुताराचेंच काम.

हत्यार घरीं आणल्यावर त्याची निगा राखणें हेंही त्या परीक्षेइतकेंच महत्त्वाचें आहे. गंज फार असेल, तर तें रात्रभर घासलेटांत भिजत ठेवावें आणि मग बारीक काचकागदानें घासावें. चाकाच्या सहाणेवर धार लावतांना पातें वारंवार पाण्यांत बुडवावें, म्हणजे तें तापून त्याचें पाणी उतरत नाहीं. काम झाल्यावर तेलाचा बोळा फिरवावा. मुठीला जवसाचें तेल चोळलें, म्हणजे लांकूड फाटत नाहीं. पावसाळ्यांत हत्यारें जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवूं नयेत. एवढें केलें, तर साठ-सत्तर वर्षांचा रंधा आणखी तितकींच वर्षें सहज काढील.

ह्या चार कसोट्यांतून एक विचार माझ्या मनांत पक्का झाला आहे, तो आपल्यापुढें मांडतों. वस्तु स्वस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गांत कारखानदार अशा गोष्टी काढून घेतो, कीं ज्या गिऱ्हाईक आपल्या कष्टानें भरून काढूं शकतो. मूठ ओबडधोबड आहे? सुतार ती तासून घेईल. तळ जरा खडबडीत आहे? तो घासून घेईल. खटका नाहीं? हातोडीनें भागवील. येथें गरिबाच्या पैशाची उणीव त्याच्या कौशल्यानें भरून निघते, आणि दोघांचाही मान राहतो. दुसऱ्या मार्गांत कारखानदार रंग, झिलई, छाप आणि खोका हें सारें झगझगीत ठेवतो, आणि पोलादाचें पाणी काढून घेतो. तें गिऱ्हाइकाला दुकानांत दिसत नाहीं, आणि घरीं भरूनही काढतां येत नाहीं. पहिल्या प्रकाराला मी काटकसर म्हणतों. दुसऱ्याला फसवणूक ह्याशिवाय दुसरा शब्द नाहीं. श्रीमंताची फसवणूक झाली, तर तो दुसरी वस्तु घेतो. गरिबाची झाली, तर त्याचा रोजगार बुडतो, आणि वर "ह्याला काम येत नाहीं" असा बोल त्यालाच लागतो. व्हिक्टर, एकॉर्न, कीस्टोन ह्या नांवांखालीं ज्या कारखानदारांनीं माल काढला, ते धर्मात्मे होते असें नव्हे. नफ्यासाठींच त्यांनीं तो काढला. पण काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, हें त्यांतील चांगल्यांना कळत होतें.

हें ज्ञान परक्या देशांचीच मिरासदारी आहे, असेंही कोणी समजूं नये. आपल्या नाशिकचा टापारिया कारखाना १९६९ सालापासून एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानें पकडी, पाने, पेंचकस बनवूं लागला. दूरच्या देशांतील नामांकित कारखान्याची विद्या येथें देशी नांवाखालीं आणि देशी किंमतींत आली. आज खेड्यापाड्यांतील वायरमनच्या आणि मिस्त्रीच्या पिशवींत त्या नांवाची पक्कड असते. नांवें विकतां येतात, विकत घेतांही येतात. डिस्टनचा कारखानाही १९५५ सालीं दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला. पाणी देण्याची विद्या मात्र हातांतून हातांतच जाते.

म्हणून, श्रोतेहो, माझी आपल्याजवळ विनंति इतकीच आहे. आपल्या घरांत, शाळेंत किंवा शेजारीं एखाद्या दिवंगत कारागिराची पेटी पडून असेल, तर ती तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. छाप ओळखीचा नाहीं म्हणून नाक मुरडूं नका. तळ पाहा, पोलाद पाहा, करवत वाकवून पाहा. आणि चांगलीं निघालीं, तर तीं कपाटांत शोभेला ठेवूं नका; गांवांतल्या एखाद्या होतकरू मुलाच्या हातांत द्या. सारंगखेड्याच्या यात्रेंत जाल, तेव्हां तेथेंही जुन्या लोखंडाच्या ढिगाऱ्याजवळ क्षणभर थांबा. घिसाड्याच्या पालाशेजारीं बसून तो पातें केव्हां पाण्यांत घालतो, तें मुलांना दाखवा. पुस्तकांत तें इतकें चांगलें समजत नाहीं.